शहापूर-मुरबाडच्या पडद्यामागचं घराणं

किन्हवली, डोळखांब, टोकावडे, धसई. ठाणे जिल्ह्याच्या या ग्रामीण पट्ट्यात संध्याकाळी सातनंतर ज्या घरात टीव्ही चालू असेल, तिथे बहुधा मराठी मालिका लागलेली असते. कुणाकडे स्टार प्रवाह, कुणाकडे झी मराठी, कुणाकडे कलर्स मराठी. २०२४ च्या दिवाळीपर्यंत या तीन वाहिन्या तीन वेगवेगळ्या उद्योगसमूहांच्या होत्या आणि एकमेकींचा प्रेक्षक ओढण्यासाठी झटत होत्या. १४ नोव्हेंबर २०२४ ला त्यांतल्या दोन, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, एकाच कंपनीच्या झाल्या. बोधचिन्हं तीच राहिली, मालिकांच्या वेळाही त्याच राहिल्या, त्यामुळे बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची खबर लागली.

कंपनीचं नाव जिओस्टार. रिलायन्सची व्हायाकॉम१८ आणि वॉल्ट डिस्नेची स्टार इंडिया एकत्र येऊन ती झाली. विलीनीकरण झालं तेव्हा तिचं मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरलं गेलं, आणि पुढच्या वाढीसाठी रिलायन्सने तिच्यात ११,५०० कोटी रुपये घातले. शंभराहून जास्त वाहिन्या आणि वर्षाला सुमारे २६,००० कोटींची उलाढाल असा तिचा पसारा सुरुवातीलाच होता. मालकी अशी वाटलेली आहे: रिलायन्सकडे थेट १६.३४ टक्के, व्हायाकॉम१८ कडे ४६.८२ टक्के आणि डिस्नेकडे ३६.८४ टक्के. कागदावर तीन भागीदार दिसतात. पण व्हायाकॉम१८ चे सुमारे ७० टक्के समभाग पुन्हा रिलायन्सकडे, साडेतेरा टक्क्यांच्या आसपास नेटवर्क१८ कडे, आणि नेटवर्क१८ चं नियंत्रणही रिलायन्सकडेच. उरलेले सोळा टक्के बोधी ट्री या गुंतवणूक कंपनीचे. ती उदय शंकर आणि जेम्स मरडॉक यांनी उभी केली. जिओस्टारच्या अध्यक्ष नीता अंबानी आहेत आणि उपाध्यक्ष हेच उदय शंकर, जे पूर्वी कित्येक वर्षं स्टार इंडियाचे प्रमुख होते. मोठ्या माध्यमसमूहांची मालकी अशीच एकात एक बसवलेली असते. कोणत्या कंपनीत कोणाचे किती टक्के, हे पायरीपायरीने उतरत गेल्याशिवाय खरा मालक हाती लागत नाही.

हे घराणं इतकं मोठं कसं झालं, हे समजून घ्यायला तीस-पस्तीस वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा शहापूर-मुरबाडमध्ये टीव्ही म्हणजे दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं आणि त्याचं प्रक्षेपण वरळीच्या मनोऱ्यावरून व्हायचं. कसाऱ्याच्या घाटाखाली किंवा सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या गावाला ते कसं दिसेल, हे मधल्या डोंगरांवर अवलंबून असे. कौलावरच्या अँटेनाचं तोंड मुंबईकडे फिरवत बसणं हा त्या पिढीचा सवयीचा उद्योग होता.

१९९१ मध्ये हाँगकाँगमधून स्टार टीव्ही सुरू झालं. एशियासॅट-१ या उपग्रहावरून येणारे त्याचे कार्यक्रम मोठ्या तबकड्या लावून शहरांतल्या केबलवाल्यांनी घराघरांत पोचवले. त्याच उपग्रहावर ऑक्टोबर १९९२ मध्ये सुभाष चंद्रा यांचा झी टीव्ही आला. जुलै १९९३ मध्ये रुपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारमधला ६३.६ टक्के हिस्सा ५२.५ कोटी डॉलरना घेतला. स्टार आणि झी काही वर्षं भागीदार होते, १९९९ मध्ये वेगळे झाले. या सगळ्या उलाढालीत मराठी कुठेच नव्हती. उपग्रहाच्या टीव्हीवर मराठी मनोरंजनाचा बाजार उभा राहू शकतो, हे पहिल्यांदा झीने दाखवलं, १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू केलेल्या अल्फा मराठीने. तीच २००५ मध्ये झी मराठी झाली. पाठोपाठ जुलै २००० मध्ये हैदराबादच्या रामोजी राव यांची ईटीव्ही मराठी आली. स्टारला मराठीत उतरायला २००८ चा नोव्हेंबर उजाडला. स्टार प्रवाह ही भारतात सतरा वर्षं मुरलेल्या कंपनीची मराठीतली उशिराची गुंतवणूक होती, आणि पहिली दहा-बारा वर्षं ती झीच्या मागेच राहिली. २०२० नंतर मात्र तिने पहिला क्रमांक घेतला. दरम्यान मालक बदलला होता. २० मार्च २०१९ ला डिस्नेने ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सचा मोठा भाग ७,१३० कोटी डॉलरना घेतला आणि त्या सौद्यात स्टार इंडियाही गेली. मुरबाडच्या घरातली मराठी मालिका अशी बघताबघता मिकी माउसच्या कंपनीची झाली.

दुसरा प्रवाह कलर्स मराठीचा. राघव बहल यांनी १९९३ मध्ये टीव्ही१८ सुरू केली. २००७ मध्ये त्यांच्या समूहाने, म्हणजे नेटवर्क१८ ने, अमेरिकेच्या व्हायाकॉमबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत व्हायाकॉम१८ काढली आणि जुलै २००८ मध्ये तिची हिंदी कलर्स वाहिनी आली. पुढे समूह कर्जात सापडला. जानेवारी २०१२ मध्ये रिलायन्सने एका न्यासामार्फत त्याला भांडवल पुरवलं, आणि त्याच व्यवहाराचा भाग म्हणून टीव्ही१८ ने ईटीव्हीच्या प्रादेशिक वाहिन्यांमधला वाटा सुमारे २,१०० कोटींपर्यंतच्या रकमेला घ्यायचं ठरवलं. त्यात ईटीव्ही मराठीचा निम्मा हिस्सा होता. मे २०१४ मध्ये रिलायन्सने त्याच न्यासामार्फत चार हजार कोटींपर्यंत रक्कम मंजूर करून नेटवर्क१८ पूर्णपणे ताब्यात घेतलं. मार्च २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीची कलर्स मराठी झाली. हैदराबादमध्ये रुजलेलं रोप आधी बहल यांच्या वाफ्यात आणि मग रिलायन्सच्या मळ्यात गेलं.

दोन्ही इतिहास शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. आज जी जिओस्टार म्हणून ओळखली जाते, तिच्या दोन्ही मोठ्या मराठी वाहिन्या रिलायन्सने स्वतः सुरू केलेल्या नाहीत. एक मरडॉकच्या काळात सुरू झाली, दुसरी रामोजी रावांच्या. वाहिनी शून्यातून उभी करायची म्हणजे दहा वर्षं तोटा सोसावा लागतो, लेखक-दिग्दर्शक जमवावे लागतात, प्रेक्षकाची सवय घडवावी लागते. ते कष्ट ज्यांनी केले ते थकले, कर्जात बुडाले किंवा दुसऱ्या धंद्याकडे वळले, की भांडवल असलेला गडी ते तयार स्वरूपात उचलतो. जगातले बहुतेक मोठे माध्यमसमूह असेच वाढले आहेत. डिस्नेने फॉक्स घेतलं तेही असंच. यात बेकायदा काही नाही. पण 'वाढ' हा शब्द ऐकल्यावर आपल्या मनात नवं काहीतरी उगवल्याचं चित्र येतं, ते इथे लागू पडत नाही. मराठी मालिकांची संख्या या सौद्यांमुळे वाढली नाही, मराठी मालिकांचे मालक कमी झाले.

मग रिलायन्सने स्वतः काय उभं केलं? रस्ता. आणि मला वाटतं, शहापूर-मुरबाडच्या माणसासाठी या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

भातपट्ट्यातल्या वाचकाला हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. भात पिकवणारे शेतकरी शेकडो असतात. त्यात एकाच माणसाची गिरणी असेल, तांदूळ बाजारात नेणारा टेम्पोही त्याचाच असेल आणि किराणा दुकानही त्याचंच असेल, तर भाव कोण ठरवणार हे वेगळं सांगावं लागत नाही. माध्यमांतही कार्यक्रम बनवणारा, वाहिनी चालवणारा, ती घरापर्यंत नेणारा आणि घरातला पडदा देणारा असे टप्पे आहेत. पूर्वी प्रत्येक टप्प्यावर वेगळा धनी होता.

५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्सच्या जिओची मोबाइल सेवा सुरू झाली आणि पहिले काही महिने डेटा फुकट मिळाला. पुढच्या वर्षी दीड हजार रुपयांच्या अनामतीवर जिओफोन आला. ज्या पाड्यांवर टीव्ही नव्हता, तिथे मोबाइलवर व्हिडिओ पाहणं सुरू झालं. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने देशातल्या मोठ्या केबल कंपन्यांपैकी दोन, हॅथवे आणि डेन, ताब्यात घेण्याचं जाहीर केलं. हॅथवेच्या ५१.३ टक्क्यांना २,९४० कोटी आणि डेनच्या ६६ टक्क्यांना २,२९० कोटी रुपये मोजले. पुढे घरात फायबर आणि तारेविना इंटरनेट आलं. हा रस्ता तयार झाला तेव्हा त्यावरून न्यायचा मालही घरचा हवा, म्हणून आणखी वाहिन्या, चित्रपट आणि क्रिकेट यांच्याकडे मोर्चा वळला.

ही यंत्रणा कशी चालते, याचं लख्ख उदाहरण २०२४ मध्ये मराठीतच घडलं. कलर्स मराठीवर 'बिग बॉस मराठी'चा पाचवा हंगाम २८ जुलैला सुरू झाला, सूत्रसंचालक रितेश देशमुख. त्यात बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण होता, मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंनी प्रसिद्ध झालेला, गरिबीत वाढलेला मुलगा. खेड्यांतल्या प्रेक्षकांनी त्याला आपला मानलं आणि ६ ऑक्टोबरला तो विजेता झाला. आता टप्पे पाहा. कार्यक्रम कलर्स मराठीवर. मत द्यायचं ते जिओसिनेमा या ॲपवर. अनेकांच्या हातातलं सिमकार्ड जिओचं. वाहिनीच्या कार्यक्रमांची धुरा त्याच वर्षी केदार शिंदे यांच्याकडे आलेली. त्यांचा २०२३ चा 'बाईपण भारी देवा' रिलायन्सच्याच जिओ स्टुडिओजचा. विजेत्याला घेऊन त्यांनी 'झापुक झुपूक' हा चित्रपट केला, तो २५ एप्रिल २०२५ ला प्रदर्शित झाला, आणि तोही जिओ स्टुडिओजचाच. एका ग्रामीण मुलाची लोकप्रियता वाहिनी, ॲप, मोबाइल आणि चित्रपटगृह अशा एकाच घराच्या चार खोल्यांतून फिरली. चित्रपट फारसा चालला नाही, ही वेगळी गोष्ट. प्रेक्षक प्रत्येक वेळी ठरवल्याप्रमाणे वागत नाही, आणि ते मला आश्वासक वाटतं. सूरजचं यश खरं आहे आणि ते त्याचं आहे. तरी त्या यशावर प्रत्येक टप्प्यावर कमाई कुणाची झाली, हेही तितकंच खरं आहे.

क्रिकेटची गोष्ट तर आकड्यांतच कळते. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रसारणहक्कांचा लिलाव झाला. भारतातले टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले, म्हणजे सामन्याला साडेसत्तावन्न कोटी. मोबाइल-इंटरनेटचे हक्क व्हायाकॉम१८ ने २०,५०० कोटींना घेतले, सामन्याला पन्नास कोटी. बाकीचे हक्क धरून एकूण ४८,३९० कोटी. एकमेकांवर चढाओढ करून दोघांनी ही किंमत चढवली. २०२३ मध्ये व्हायाकॉम१८ ने ते सामने जिओसिनेमावर सगळ्यांना फुकट दाखवले, आणि पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर मराठी समालोचनासह. केदार जाधव त्या समालोचकांत होता. हंगामाच्या मध्यावर बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतलं. मुरबाडच्या नाक्यावर किंवा आसनगाव स्टेशनवर लोकलची वाट बघणाऱ्या पोरांना हातातल्या फोनवर मराठीतून सामना ऐकता आला. हा बदल छोटा नव्हता. पण फुकटचा प्रेक्षक ४८ हजार कोटी फेडत नाही. दोन्ही कंपन्यांच्या हिशेबात तो खर्च रुतून बसला, आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला त्यांनी एकत्र येण्याची घोषणा केली. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि स्टारचं हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. २०२५ मध्ये क्रिकेट पाहायचं तर तीन महिन्यांना १४९ रुपयांपासूनची वर्गणी होती, किंवा ठरावीक रिचार्जबरोबर ती सोय. चढाओढ होती तोवर प्रेक्षक फायद्यात होता.

भारतीय स्पर्धा आयोगाने या एकत्रीकरणाला २८ ऑगस्ट २०२४ ला मान्यता दिली, तीही अटींसह. कंपन्यांनी काही वाहिन्या सोडण्याची आणि क्रिकेटच्या जाहिरातींचे दर अवाच्या सवा न वाढवण्याची तयारी दाखवली होती. एकाच भाषेत दोन बलाढ्य वाहिन्या एका मालकाकडे जाणं हा प्रश्न आयोगाच्या नजरेतून सुटलेला नव्हता, एवढं यावरून दिसतं.

समोर कोण उरलं? झी. पण ज्या घराण्याने मराठी उपग्रह वाहिनी रुजवली, त्या सुभाष चंद्रा कुटुंबाचा झी एंटरटेनमेंटमधला वाटा २०१९ च्या कर्जसंकटानंतर घसरत चार टक्क्यांच्या आसपास आला. सोनीबरोबर होणारं विलीनीकरण दोन वर्षं रेंगाळून २२ जानेवारी २०२४ ला मोडलं, आणि सव्वा महिन्यात रिलायन्स-डिस्नेची घोषणा झाली. सोनी मराठी २०१८ पासून आहे, सन मराठी २०२१ पासून. मैदान रिकामं नाही. मात्र त्यांतल्या कुणाकडेही स्वतःचं मोबाइल जाळं नाही.

शहापूर-मुरबाडमध्ये या वाहिन्या तीन वाटांनी येतात. शहापूर, वाशिंद, आसनगाव, मुरबाड अशा बाजारगावांत केबल आहे. वीस-पंचवीस घरांच्या पाड्यापर्यंत डोंगरातून तार ओढणं केबलवाल्याला परवडत नाही, म्हणून तिथे छपरावर तबकडी. तिसरी वाट मोबाइलची, जिथे रेंज येते तिथे. माळशेजच्या किंवा माहुलीच्या कुशीत ती वळणागणिक जाते-येते.

तबकड्यांमध्ये दूरदर्शनची फ्री डिश वेगळी उठून दिसते. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचं भाडं नाही. तबकडी आणि संच एकदाच घ्यायचा. मजुरीवर आणि एका पिकावर चालणाऱ्या घरासाठी हा फरक मोठा आहे. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरपद्धत आली. पहिल्या शंभर वाहिन्यांना १३० रुपये आणि कर, पुढे तेवढ्यातच दोनशे; शिवाय सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. पुष्कळ घरांना हे जमलं नाही. ती फ्री डिशकडे वळली, आणि नेमक्या त्याच सुमाराला, मार्च २०१९ मध्ये, स्टार, झी, सोनी आणि व्हायाकॉम१८ या चौघांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. २०२० मध्ये परत आणल्या, २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. फुकट वाहिनीवर जाहिरातीचे पैसे मिळतात, सशुल्क वाहिनीवर वर्गणीचेही मिळतात. कंपनी दोन्हींचा तोल बघते आणि त्याप्रमाणे पाड्यावरच्या घरातली वाहिनी दिसते किंवा नाहीशी होते. या घरांसाठी शेमारू मराठीबाणा, फक्त मराठी, झी चित्रमंदिर यांसारख्या वाहिन्या आणि दूरदर्शनची सह्याद्री हाच आधार राहिला. माझ्या मते मराठी टीव्हीचा खरा ग्रामीण इतिहास या वाहिन्यांचा आहे, आणि तो अजून नीट लिहिला गेलेला नाही.

मोठ्या कंपन्यांना खेड्याची आठवण कधी झाली, याची तारीखही सांगता येते. कोणता कार्यक्रम किती लोक पाहतात हे मोजण्याचं काम २०१५ पासून बार्क ही संस्था करते. नमुन्यादाखल निवडलेल्या घरांत मीटर बसवतात, देशभरात मिळून पन्नास हजारांहून जास्त घरांत, आणि त्यावरून सगळ्या देशाचा अंदाज बांधतात. आधीच्या मोजणीत खेडी जवळपास नव्हतीच. ऑक्टोबर २०१५ मध्ये बार्कने ग्रामीण आकडे पहिल्यांदा दिले आणि जाहिरातदारांच्या लक्षात आलं की देशातला निम्म्याहून जास्त प्रेक्षक तिथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून पाच लाखांच्या आसपास माणसं राहतात. ती टीव्ही आधीही पाहत होती. हिशेबात आली ती २०१५ पासून. मराठी मालिकांतली वाडे-बंगल्यांची सजावट आणि त्याच वेळी गावची पार्श्वभूमी, शेतकरी नायक, बोलीचे तुकडे हे सगळं २०१५ नंतर वाढलं, त्यामागे लेखकांची इच्छा असेलच, पण मीटरही आहे.

मोजलं जाणं आणि ऐकलं जाणं यांत मात्र अंतर आहे, आणि ते बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त जाणवतं.

न्यूज१८ लोकमत ही वाहिनी नेटवर्क१८ आणि लोकमत समूह यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीची. एप्रिल २००८ मध्ये आयबीएन लोकमत म्हणून ती सुरू झाली, निखिल वागळे संपादक होते. जिओस्टारमध्ये ती नाही, नेटवर्क१८ कडेच आहे. बातम्यांमध्ये परदेशी भांडवलावर मर्यादा असते. २००७ मध्ये सुरू झालेली स्टार माझा याच कारणाने कोलकात्याच्या आनंदबाजार समूहाच्या भागीदारीत होती, आणि स्टार बाहेर पडल्यावर २०१२ मध्ये ती एबीपी माझा झाली. वृत्तवाहिनीचं अर्थकारण बेताचं असतं: थेट प्रक्षेपणाची एक ओबी व्हॅन दिवसभर शहापूरला उभी करायची तर त्या दिवशी मुंबईतलं काहीतरी सोडावं लागतं. म्हणून या तालुक्यांच्या वाट्याला कॅमेरे येतात ते ठरावीक प्रसंगी.

१ डिसेंबर २०१६ ला, नोटबंदीनंतर तीन आठवड्यांनी, मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाचा पुढाकार होता, बँक ऑफ बडोदाने दुकानांतून कार्डयंत्रं दिली, आणि त्या आठवड्यात देशभरच्या वाहिन्यांना धसई ठाऊक झालं. व्यवहार बहुतांशी पुन्हा रोखीने होऊ लागल्याची बातमी नंतरच्या वर्षांत आली, ती आतल्या पानांवर. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यातल्या सरलांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना तुळई उचलणारं अवजड यंत्र कोसळलं आणि वीस जण मेले. दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर सरलांबे होतं. मेलेल्यांत परराज्यांतून आलेले मजूर आणि कामगार बरेच होते. त्यांच्या कुटुंबांचं पुढे काय झालं, ते पडद्यावर फार दिसलं नाही.

आणि पाणी. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा आणि भातसा शहापूरच्या आसपास आहेत. तानसा १८९२ चं. एकट्या भातसाचा साठा सातही तलावांच्या एकूण साठ्याच्या निम्मा. एवढं असूनही दर उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या गावपाड्यांना टँकर लागतो, बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटी-वाटीने पाणी भरतात. पाऊस लांबला की 'मुंबईच्या तलावांत इतके टक्के साठा' ही बातमी प्रत्येक वाहिनी दाखवते. तलाव मुंबईचे म्हणूनच दाखवले जातात. धरणाच्या भिंतीपासून काही किलोमीटरवरचा पाडा त्या बातमीत येत नाही, कारण जाहिरातदाराच्या हिशेबात मुंबईतलं घर आणि त्या पाड्यावरचं घर यांचं मोल सारखं नाही. यात कुणा एका मालकाने आदेश दिला असं म्हणायचं नाही. आदेशाची गरजच पडत नाही. जिथे उत्पन्न तिथे कॅमेरा, हा नियम पुरतो.

ही बातमी सांगतं कोण? ठाण्याहून १९७५ पासून निघणारं 'ठाणे वैभव', मोठ्या दैनिकांच्या ठाणे पुरवण्या, आणि तालुक्याचे वार्ताहर. हे वार्ताहर बहुतेक करून पगारी नसतात. बातमीमागे थोडके पैसे, किंवा जाहिरात मिळवली तर त्यावरचं कमिशन, वर दुसरा पोटापाण्याचा उद्योग. टँकर घोटाळा, आश्रमशाळेतला गैरकारभार, वनहक्काचे दावे, भात खरेदी केंद्रावरची अडवणूक या गोष्टी पहिल्यांदा त्यांच्यामुळेच छापून येतात. अलीकडे हातात माइक घेऊन पंचायत समितीच्या दारात उभे राहणारे यूट्यूब वाहिन्यांचे तरुणही त्यांत आले आहेत. त्यांचं उत्पन्न गुगलच्या हिशेबावर आणि त्यांचा प्रेक्षक जिओसारख्या मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावर अवलंबून.

एकाच घराकडे किती माध्यमं असावीत, यावर नियम करायचा विचार सरकारी पातळीवर झालेला आहे. ट्रायने १२ ऑगस्ट २०१४ ला, म्हणजे रिलायन्सने नेटवर्क१८ घेतल्यानंतर काही आठवड्यांतच, माध्यमांच्या मालकीविषयी सविस्तर शिफारशी दिल्या. वृत्तपत्र आणि वृत्तवाहिनी यांची मालकी एकाच हाती किती एकवटली आहे, हे देशपातळीवर न पाहता त्या-त्या भाषेच्या राज्यात मोजावं, असं त्यांत होतं. म्हणजे मराठीसाठी महाराष्ट्र हाच बाजार धरायचा आणि मर्यादा त्यावर ठरवायची. राजकीय पक्ष आणि मोठे उद्योगसमूह यांच्या वृत्तमाध्यमांतल्या शिरकावावर बंधन असावं, असंही ट्रायने सुचवलं होतं. शिफारशींचा रोख मुख्यतः बातम्यांवर होता. मालिका, चित्रपट, क्रिकेट आणि ते घरी आणणारं मोबाइलचं जाळं यांचा एकत्र हिशेब त्यांत नव्हता. २०२२ मध्ये ट्रायने याच विषयावर पुन्हा मतं मागवली. २०१४ च्या त्या शिफारशींचा कायदा झालेला नाही.